मिस्त्रीच्या नळीत गाडीचं तेल

जरा जवळ सरका, मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

बाप जिवंत असताना त्याला ताप देणारी पोरं गल्लोगल्ली सापडतील. त्यात काय विशेष? मीही दिला. पण बाप जाऊन वर्ष झाल्यावर, त्याच्याच समाधीच्या ओट्यावर, सगळ्या पाहुण्यांसमोर पुन्हा ताप द्यायचा म्हणजे अंगात वेगळीच कला लागते. ती माझ्यात आहे. ऐका आणि मग ठरवा, माझ्याशी बोलायचं की नाही.

मी सुदाम. गोरेगावच्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. गोरेगाव म्हणजे आमचं, सेनगाव तालुक्यातलं. मुंबईच्या गोरेगावात कशाला कोण आपल्या बापाचा ओटा बांधेल! काम काय, तर काचेच्या नळ्या धुवायच्या, फुटल्या तर पोरांवर ओरडायचं, आणि सर रजेवर असले की प्रयोग करून दाखवायचा. त्यातला माझा हातखंडा प्रयोग म्हणजे वाकवलेली नळी. एका बाजूनं पाणी ओतायचं, दुसऱ्या बाजूनं तेल. तेल हलकं, त्यामुळं त्या बाजूची पातळी पाण्यापेक्षा वर दिसते. दरवर्षी मी पोरांना बजावतो, "दोन्हीकडं एकच द्रव असेल तरच पातळी सारखी, नाहीतर नळी तुम्हाला फसवणार." पोरं मान डोलावतात. एवढ्या वर्षांत एकही पोरगं फसलेलं नाही.

आता आमच्या नानांचं. नानांचं सगळं आयुष्य उतारावर गेलं. म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरोखरच. शेत माळाच्या उताराला, घर त्याच उताराला. बाजेच्या खालच्या दोन पायांना विटा लावल्याशिवाय त्यांना झोपता यायचं नाही. वीट सरकली की झोपेत घसरत पायथ्याशी, आणि सकाळी उठून सगळ्या घराचा उद्धार. ते गेले तेव्हा शेतातच, वरच्या बांधाला लिंबाखाली अग्नी दिला. पहिलं वरीस जवळ आलं तशी माय एकच गोष्ट बोलली.

"जलमभर घसरत राहिले ते," ती म्हणाली. "आता तरी सपाट जागा द्या त्यांना. तिथं ओटा बांधा. पर पाण्यासारखा सपाट पाहिजे."

दुसरं काही तिनं मागितलं नाही. तसं नाना गेल्यापासून ती फार बोलतच नव्हती, आणि माझ्याशी तर कामापुरतंच. त्याला कारण माझी गाडी.

गाडी मी नांदेडहून जुनी उचललेली, दोन सिलेंडरची. सबंध गोरेगावात तसली दुसरी नाही, आणि का नाही ते मला घेतल्यावर कळलं. दोन सिलेंडर म्हणजे दोन कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला पाजणारा डबा. दोघांनी सारखं ओढलं तर गाडी धावते. एकानं ओढलं आणि दुसऱ्यानं अंग चोरलं की बैलजोडीची गत होते, औत तिथंच.

नानांच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी सेनगावला जाणारी जीप उभी होती, पण अजून माणसांनी भरायची होती. मी शहाणा म्हणालो, "जीप कशाला? गाडीवर नेतो." पुढं मी, मध्ये नाना, मागं त्यांना धरून माय. सेनगावच्या अलीकडच्या चढावर गाडी खोकली, लंगडली आणि बंद पडली. मी किका मारतोय, घामाघूम झालोय, आणि नाना बाभळीखाली धुळीत बसलेत, छातीवर हात धरून, माझ्याकडं बघत. शेवटी मागून तीच जीप आली, भरून. तिच्यात लोकांनी सरकून जागा दिली.

डॉक्टर म्हणाले, त्या उशिरानं काही बिघडलं नाही. नाना त्यानंतर घरी येऊन पंधरा दिवस जगलेही. पण बाभळीखाली बसलेला बाप डॉक्टरांच्या सांगण्यानं डोळ्यांपुढून जातो का हो?

म्हणून वरीस यायच्या आधी गाडी सुधारायचीच, हे मी मनात धरलं. कुणासाठी? गेलेल्या माणसासाठी. हसा, हसा. सेनगावच्या मेकॅनिकनं तर आधीच हात वर केले होते. "सर, दोन कार्बोरेटरचं आपल्याकडं काही न्हाई. एक काढून टाकता का?"

मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. कुणी परदेशी माणूस, एक फळी, फळीवर वाकवलेली पारदर्शक नळी, नळीत तेल. नळीची दोन टोकं दोन कार्बोरेटरना जोडायची. जो जास्त ओढेल त्याच्या बाजूला तेल चढतं. मग स्क्रू फिरवत राहायचं, दोन्हीकडं तेल सारखं होईपर्यंत. झाले कार्बोरेटर बरोबरीचे! मी मोबाइल खाली ठेवला. अहो, ह्याला आम्ही लॅबमध्ये मॅनोमीटर म्हणतो. हे तर माझ्या घरचं कार्य निघालं!

फळी मिळाली, जुन्या कपाटाचं दार. तेल गाडीचंच, पातळ. प्रश्न नळीचा. आणि नळी माझ्या समोरच पडवीत खुंटीला लटकत होती.

ती गफूरचाचांची. गफूर मिस्त्री म्हणजे नानांचे जुने दोस्त, तंबाखूच्या एका डबीतले. ओटा त्यांनीच बांधायचा हे न बोलताच ठरलेलं. दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं म्हणून ते थापी, ओळंबा आणि ही नळी आमच्याकडं टाकून गेले होते. नळीत पाणी भरायचं, एक टोक ह्या कोपऱ्याला धरायचं, एक त्या कोपऱ्याला. दोन्हीकडं पाणी जिथं थांबतं तिथं खूण. खुणा एका पातळीत. काचेतल्या बुडबुड्याच्या पट्टीवर चाचांचा विश्वास नाही. "बुडबुडा कंपनीचा हाय," ते म्हणतात. "पानी अल्लाचं हाय. पानी खोटं बोलत न्हाई."

मी विचार केला, एका दुपारचा तर प्रश्न आहे. नळी कापायची नाही, नुसती वापरायची. परत जागेवर. चाचांना काय कळतंय?

इथं तुम्ही मला थांबवायला पाहिजे होतं.

फळीवर खिळे मारून नळी वाकवली. उरलेली मागं गुंडाळली. तेल ओतलं, दोन्ही टोकं जोडली आणि किक मारली. तेल डावीकडं असं सुसाट चढलं की क्षणभर वाटलं, आता इंजिन नळीसकट मलाही पिणार! झटकन बंद केली. स्क्रू जरासा फिरवला. पुन्हा चालू. पुन्हा चढलं, पण कमी. पुन्हा बंद. असं करत करत शेवटी एकदा गाडी चालू आहे, आणि दोन्ही बाजूंचं तेल समोरासमोर गुपचूप उभं आहे, असं झालं. गाडी खोकेना, लंगडेना. मी तिथं जमिनीवर बसून रडलो. खरं सांगतो, फार रडलो. वर्षभर राहिलेलं सगळं त्या दुपारी निघालं.

मग डोळे पुसले, नळीतलं तेल काढलं, फुंकर मारून मारून गाल दुखवून घेतले आणि नळी खुंटीला लावली.

सकाळी चाचा आले. "सुदाम, नळीत पानी भर रे बाबा."

नळी काढली तर काय! रात्रभर आतल्या भिंतींवरचं तेल ओघळून एका टोकाशी जमा झालेलं. वीत दीड वीत तरी पिवळट तेल. पुन्हा फुंकायला गेलो तर चाचा दारातच उभे. मी नळी घेऊन मागं सरलो. कशाच्या भीतीनं? पातळीच्या? छे! ते तर डोक्यातही नव्हतं. मला भीती एवढीच की चाचा म्हणतील, माझ्या नळीत गाडीचं तेल घातलंस काहून? घरात आलो, हळदीचा डबा उघडला, चिमूटभर हळद बादलीत कालवली आणि ते पाणी नळीत भरलं. पिवळ्यात पिवळं मिसळून गेलं. हळदीच्या जिल्ह्यात राहण्याचा एवढा तरी फायदा झाला पाहिजे की नाही?

"हे पानी पिवळं काहून दिसून राहिलं?" चाचांनी डोळे बारीक केले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात यायच्या वाटेवर.

"हळद टाकली चाचा. पातळी साफ दिसावी म्हणून."

"शाब्बास! शिकलेलं लेकरू हाय. म्या कुंकू टाकत होतो, पर त्याचे डाग जात न्हाईत."

एक टोक चाचांनी पायथ्याच्या कोपऱ्याला धरलं. तेलाचं टोक मी उशाच्या कोपऱ्याला धरलं. "तुह्याकडं कुठं आलं?" "इथं, चाचा." "मार खूण." मी खूण मारली. बरोबर तेलाच्या माथ्यावर. मी, सुदाम, वाकवलेल्या नळीचा हातखंडा माणूस!

ओटा झाला. वर काळीभोर गुळगुळीत फरशी बसली. मला बघताना जरा कसंतरीच वाटलं, पण आमच्या माळावर सगळंच कसंतरी दिसतं. तिथं विजेचे खांब तिरपे, बोरी तिरप्या, दाव्याला बांधलेली म्हैससुद्धा कलून उभी असते. चाचा फरशीवरून हात फिरवत म्हणाले, "नाना, आता झोप आरामात. वीट नको का बीट नको." आणि तोंड फिरवून तंबाखू मळायला लागले.

वरिसाच्या दिवशी सगळे जमले. थोरला भाऊ दत्ता, वहिनी, शेजारीपाजारी, आणि शिरड शहापूरहून माणिकमामा. मामा म्हणजे मायचा भाऊ. कुणाच्याही मर्तिकात पुढं होऊन बोलण्याचा मान त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला. चाचा बाजूला, उलट्या घमेल्यावर बसलेले. मी पाहुण्यांना गाडीवरून आणून सोडत होतो, आणि गाडी अशी चालत होती की काय सांगू! पण मायनं एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही.

पूजा झाली. मायनं डबा उघडला. नानांचा जीव बुंदीच्या लाडवात. तिनं स्वतः वळलेला, घट्ट, वाटोळा गरगरीत लाडू दोन्ही हातांनी उशाशी ठेवला, डोळे मिटून हात जोडले.

लाडू जरा थांबला. मग निघाला.

आधी हळू, मग बेतानं, मग चांगलाच वेगात. अख्खी फरशी ओलांडून पायथ्यावरून खाली पायरीवर टप्पकन पडला. मायनं डोळे उघडले. समोर नुसती काळी फरशी.

सगळे पायरीवरच्या लाडवाकडं बघायला लागले. मी मात्र उशाच्या कोपऱ्याकडं. कारण लाडू कुठून कुठं गेला ते मी पाहिलं होतं, आणि उशाच्या टोकाला नळी कुणी धरली होती तेही मला ठाऊक होतं. तेल हलकं. पातळी वर. अरे देवा!

"थांबा!" माणिकमामांनी हात वर केला. "दाजीनं निवद नाकारला."

"असं कसं व्हईल?" माय म्हणाली.

"व्हतं. मन अडकलं की व्हतं. दाजीचं कायतरी मागं राहिलंय. ज्याच्या मनात असंल त्यानं बोलून टाका. आन् लाडू तोच ठेवा, निवद बदलायचा न्हाई."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं मी. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या आधी दत्ताभाऊ पुढं आला. सहा फुटांचा माणूस, घळाघळा रडत.

"नाना, म्या बांध कोरला! सुदाम नोकरीवर असतो, त्याला काय समजतं म्हणून दरसाल नांगर थोडा थोडा आत घातला. तुमाला दिसलं व्हतं, म्हणून तुमी माझ्याशी बोलत नव्हता. पुन्हा व्हता तिथं घालतो बांध. आता घ्या!"

मी उडालोच! माझ्या शेताला दरसाल नांगराची तासं कमी का भरतात ह्याचा उलगडा मला बापाच्या ओट्यापाशी झाला. मामांनी लाडू ठेवला. लाडू निघाला. टप्प.

"अजून हाय," मामा म्हणाले.

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. "म्या नानाच्या दुधात पाणी घालत व्हते. डॉक्टरनं न्हाई सांगितलं, म्याच घालत व्हते. चुकलं माझं. आता रोज निवदाला घट्ट दूध आणते."

लाडू ठेवला. निघाला. टप्प. थोडी बुंदी सुटली, तिच्यावर मुंग्या धावल्या.

आता लोक एकमेकांकडं बघायला लागले. मामांच्याही कपाळाला घाम. "दाजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची छत्री माझ्याकडं हाय. मातीच्या दिवशी नेली. ऊन लई व्हतं. उद्याच पाठवतो."

लाडू पुन्हा निघाला, जरा अडखळत. टप्प.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. माय पण बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

हे बघा, सांगायचं होतं एकच वाक्य. मिस्त्रीच्या नळीत माझ्यामुळं तेल राहिलं, ओटा तिरपा झालाय. झालं! पण एवढी माणसं आपापली पापं ओकून मोकळी झालेली, मायचे हात जोडलेले, आणि मी म्हणू, की ज्या गाडीनं नानांना वाटेत बसवलं, तिच्याच तेलानं आता त्यांचा ओटा कलला? भेकड माणूस जे करतो तेच मी केलं.

"नाना," मी म्हणालो, "गाडी विकून टाकतो."

म्हटलं, लाडू काय थांबत नाही. अजून कुणाचं तरी नाव निघेल, गोंधळ होईल, आपलं त्यात विरून जाईल. मामांनी लाडू ठेवला.

लाडू थांबला.

थांबणारच! चार वेळा पडून तो एका बाजूनं पार चपटा झाला होता. पुरीसारखा बसला फरशीवर. पण हे सांगायचं कुणाला? बायकांनी डोळ्यांना पदर लावले, मामांनी मोठ्यानं "गाडी! गाडीतच जीव व्हता दाजीचा!" म्हणून जाहीर करून टाकलं, आणि मायनं ओट्यावर डोकं टेकवलं. मी गाडीकडं बघितलं. काल-परवाच तर बरी झाली होती.

एवढ्यावरही भागलं असतं. पण चाचा घमेल्यावरून उठले. पाण्याचा तांब्या उचलला आणि उशाशी फरशीवर ओतला. पाणी सरळ रेषेत पायथ्याकडं धावलं आणि पायरीवर टपटपायला लागलं.

"नानाच्या मनात काही न्हाई," चाचा मायला म्हणाले. "वहिनी, रडू नका. ओटा तिरपा हाय. माझी नजर गेली. खूण मलाच दिसली न्हाई बराबर." त्यांनी पिशवीतून थापी काढली आणि पायरीवर ठेवली. "दोस्ताचा ओटा मी तिरपा बांधला. आता पुन्हा हात लावायचा न्हाई कामाला."

आणि पिशवी खांद्याला लावून निघाले की हो!

एकदा वाटलं, जाऊ द्यावं. म्हातारा माणूस आहे, डोळे खरंच अधू आहेत, आज ना उद्या सोडणारच होते काम. हो, हे वाटलं मला. तुमच्यापासून काय लपवू? मग चाचा चालताना एका दगडाला ठेचकाळले, आणि लोकांतून कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा, खरंच दिसत न्हाई त्याला."

"चाचा, थांबा!" मी ओरडलो. "नजर न्हाई गेली. तेल हाय ते!"

मग सगळं सांगितलं. फळी, नळी, तेल, हळद. पाणी जड आणि तेल हलकं, हेही सांगितलं, हातवारे करून, वर्गात सांगतो तसं. चाचा परत आले. त्यांनी एकच विचारलं, "हळद दिसावं म्हणून न्हाई, दिसू नये म्हणून टाकली?"

"व्हय."

त्यांनी थापी उचलून पिशवीत घातली. मला वाटलं, हाणतील. हाणली असती तर बरं झालं असतं.

इकडं दत्ताभाऊचा चेहरा हळूहळू उजळत होता. "म्हंजे," तो म्हणाला, "लाडू नुसता उतारानं पडला?"

"व्हय."

"म्हंजे नानाचं बांधाबद्दल काही म्हणणं न्हाई!"

"दूध तसं मी फार पातळ करत नव्हते," वहिनी म्हणाली.

"आन् छत्रीची एक काडी मोडलेलीच हाय," मामा म्हणाले. "कशाला पाठवायची उगीच."

बघता बघता सगळ्यांची पापं जिथल्या तिथं परत गेली. म्हटलं चला, निदान आपलंही सुटलं. मी हळूच म्हणालो, "तर मग गाडीचंही—"

"गाडी विकायची," माय म्हणाली.

"अगं पण माय, लाडू चपटा झाला म्हणून थांबला!"

"लाडवानं न्हाई सांगितलं. मी सांगून राहिले." माय ओट्याला धरून उठली. "त्या दिशी बाभळीखाली बसून तुहे नाना मला म्हणले, पोरगं लई घाबरलंय, म्या गेलो तर वरीसभर त्याला काही बोलू नको. न्हाई बोलले मी. वरीस झालं आज."

मी गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

गाडी वाशिमच्या एका पोरानं नेली. किक मारली, पहिल्याच दणक्याला चालू. "कसली एकसारखी चालते हो!" म्हणाला. मी म्हणालो, "व्हय." मी आता जीपनं फिरतो. भरेपर्यंत बसून राहतो.

ओटा फोडला आणि पुन्हा बांधला. चाचांनी पैसे घेतले नाहीत. दगड, माती, पाणी सगळं मी वाहिलं. मायनं रोज तिथं बसून पाहिलं आणि संपल्यावर तांब्यानं पाणी ओतून बघितलं. पाणी सगळीकडं सारखं पसरून उभं राहिलं. मग कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा ती मला म्हणाली, "जेवलास का?" तेवढ्यावर माझं पोट भरलं.

चाचांनी मात्र एक रीत घातली. ओटा पुन्हा बांधताना, पहिली खूण मारायच्या आधी त्यांनी नळीचं टोक माझ्या तोंडाशी धरलं. "पी."

"चाचा?"

"पानी हाय न? मग पी. माझी नजर खराब, तुही जीभ तरी चांगली असंल."

प्यालो. वास येत होता, तरी घोटभर प्यालो. मला वाटलं, तेवढ्यावर फिटलं. कुठलं फिटायला! आता गोरेगावात आणि आसपास कुठंही पाया खणला की मिस्त्री काम सुरू करण्याआधी मला निरोप पाठवतात. कॉलेज सुटलं की मी जातो. सगळ्यांसमोर नळी तोंडाला लावतो, घोट घेतो आणि मोठ्यानं सांगतो, "पाणीच हाय." मगच खूण मारली जाते. लोकांना आता त्याशिवाय लेवल खरी वाटत नाही. मी गेलो नाही तर काम थांबतं म्हणे.

परवा रविवारी एका नव्या घरी असाच उन्हातान्हात पोचलो. घरची बाई मोठी चांगली. म्हणाली, "सर दमून आले, पाणी आणू का प्यायला?"

मिस्त्री नळी सोडता सोडता म्हणाले, "त्याला? राहू द्या बाई. सकाळधरनं दोन घरचं पिऊन आलाय तो."